जलेबीवाला ल

इंजिनिअरिंग कॉलेजचा चौरस्ता मागे पडला तरी उत्कर्षाच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ज्येष्ठातला मंगळवार, लखनौचा बडा मंगल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव, पुऱ्यांच्या कढया, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून खायला घालणारी माणसं. सुरेखाताई दरवर्षी या दिवशी जानकीपुरमहून अलीगंजच्या हनुमानापर्यंत अनवाणी चालत जात. उत्कर्षा देवाधर्मातली नव्हे. देवळाशी पोचलं की ती बाहेर झाडाखाली थांबे. पण सोबतीला न चुकता येई. चालताना कादंबरीतले खून चांगले सुचतात, म्हणे.

"आंटीजी, शरबत पीके जाइए!" एका मांडवातून हाक आली. सुरेखाताईंनी दोन पेले घेतले, एक तिच्या हातात दिला.

"तुझं नवं पुस्तक निम्मं वाचलं मी," त्या म्हणाल्या. "अगं, पहिल्याच पानावर भिंतीला घड्याल टांगलंय. मला वाटलं घडियाल, कुकरैलच्या तळ्यातली सुसरच आणून टांगलीस की काय!"

उत्कर्षा हसली नाही. "सगळे ळ गेलेत ना?"

"औषधालाही उरला नाही. डोळ्यांचे डोले, कपाळाचं कपाल. छापखान्यात शफीकभाईंनी घोटाळा केला वाटतं."

"घोटाळ्याचाही घोटाला झालाय, बघा," ती म्हणाली, आणि पेला रिकामा करून पुढे चालू लागली.

सुरेखाताईंना तिचं असं गप्प चालणं नवीन होतं. एरवी ही बाई बोलायला लागली की रस्ता कमी पडायचा. मूळची मिरजेची. नवरा सतीश हवाईदलात, वर्षातून दोनदा घरी. ही सरोजिनी नगरात बँकेत. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना मेट्रोत बसून मोबाइलवर कादंबरी लिहायची. बँकेत तिला 'जासूस मैडम' म्हणत. एका कादंबरीत शाखाधिकाऱ्याला विष घातलं, तर खरे साहेब चहाचा कप पुढे करून विचारायचे, "पहले आप पीजिए, मैडम."

पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं होतं, लखनौमधली रहस्यकथा मराठीत कोण वाचणार, प्रेत पुण्यात आणा. ही म्हणाली, माझं प्रेत गोमतीच्याच काठी सापडेल. मग चौकातल्या शफीकभाईंच्या छापखान्यात स्वतःच छापू लागली आणि मराठी मंडळात टेबल मांडून विकू लागली. टेबलावर बसायच्या सुरेखाताई. कारण त्या पुस्तक चांगलं तर चांगलं म्हणत, आणि शेवट फसला असेल तर तेही गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी शफीकभाई ळ बघून चक्रावले होते. "ये जलेबीवाला ल हमारे यहाँ नहीं चलता, मैडम." पण माणूस कामाला पक्का. तिसऱ्या पुस्तकापर्यंत छापण्याआधी पानं तपासून स्वतः फोन करून विचारायला लागला, "यहाँ सादा ल है कि जलेबीवाला?" मग चौथ्या वेळी तो चुकेल कसा? हे मनात आलं आणि सुरेखाताईंची पावलं मंदावली.

"उत्कर्षा, शफीकभाईंनी नाही केलं हे."

"नाही. संकेतने केलं."

संकेत तिचा मुलगा. लखनौतच जन्मला, इथेच शिकला, आता नोकरीला लागलाय. मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत. पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठ, सगळं तोच लॅपटॉपवर करून द्यायचा, आणि सुरेखाताईंना 'मौसी, इस बार कातिल मैंने पकड़ा' म्हणून चिडवायचा.

"तुम्ही निम्मंच वाचलंत," उत्कर्षा म्हणाली. "पुढे तोतया पकडला जातो. 'मी कोल्हापूरचा पुतण्या' म्हणत तो घरात शिरलेला असतो. जेवताना म्हणतो, मला केलं नको. केळं म्हणता येत नाही त्याला. आणि इन्स्पेक्टर मान वर करतो."

सुरेखाताई थबकल्याच. ही गोष्ट त्यांनी ऐकली होती, पण कादंबरीतली म्हणून नव्हे. संकेत सहा-सात वर्षांचा असताना मिरजेला आजोळी गेला होता. पंगतीत म्हणाला, मला केलं पाहिजे. मामेभाऊ ओरडले, "काय केलंस? कुणी केलं?" सगळं घर लोळलं हसून. पोर ताटावरून उठलं. त्या दिवसापासून त्याने मराठी बोलणं सोडलं.

"अगं बाई! तेच घातलंस?"

"लिहिताना सुचलं, लिहिलं. एवढा छान धागा, ताई! माझ्या मनातही आलं नाही की हे त्याचं आहे. रोज समोर जेवायला बसतो आणि मला आठवलं नाही." तिचा पेला हातातच होता, रिकामा. "त्याने फाइल वाचली, एका बटणात सगळ्या पुस्तकातले ळ काढले आणि छापायला पाठवून दिलं. शफीकभाईंनी विचारलं, तर म्हणाला, मम्मी का नया स्टाइल है. गठ्ठे घरी आले तेव्हा मी विचारलं. म्हणतो, अब आपकी किताब में सब चोर हैं, मम्मी. आपका इन्स्पेक्टर भी."

"आणि आता कुठंय?"

"मित्राकडे. सहा वेळा फोन केला. उचलत नाही."

समोरून ढोल वाजवत एक टोळी गेली. सुरेखाताईंच्या तळव्यांना डांबर चटके देत होतं. रोजचा रामरक्षेचा श्लोक ओठांवर येऊन तिथंच राहिला.

"रविवारचं प्रकाशन पुढे ढकलू," त्या म्हणाल्या. "मी मंडळाला सांगते. नीट छापून घे."

"छापता येईल. पण मग पुन्हा तोच एकटा निराळा पडेल ना? सगळ्यांना ळ, आणि त्या एकालाच ल. आता निदान सगळे त्याच्यासारखे बोलतायत. राहू दे तसंच."

"लोक हसतील."

"हसू देत. पण मला हसू देत." देवळाचा कळस दिसू लागला होता. उत्कर्षा रस्त्यातच थांबली. "ताई, रविवारी टेबलावर तुम्ही असाल. लोक पान उघडतील आणि विचारतील. शफीकभाईंचं नाव घ्यायचं नाही, त्यांचा दोष नाही. संकेतचं तर नाहीच नाही. पुन्हा पंगतीत बसवायचं नाही मला त्याला."

"मग सांगू काय?"

"सांगा, इतकी वर्षं लखनौत राहून उत्कर्षाचा ळ गेला. तिला आता लिहिता येत नाही."

"मी खोटं बोलत नाही. आणि आज मंगळवार आहे, माझ्याकडून असलं काही कबूल करून घेऊ नकोस."

"तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही सांगितलेलं खरं वाटेल." तिने सुरेखाताईंचा हात धरला. "आज मी झाडाखाली थांबत नाही. तुमच्याबरोबर आत येते. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. लोकांना तेवढं तुम्ही सांगा, ताई."