मावशीचं घर घाटावर कुणी हलवलं?

मी पत्रकं लिहिते आणि वाटते. गोदामांच्या गेटवर, निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत, शिफ्ट सुटायच्या वेळी. पत्रक लिहून लिहून एक सवय लागते. काय झालं ते आधी सांगायचं, रडायचं नंतर. इथेही तसंच करते.

काय झालं, तर दिघाशीच्या एका मावशीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सख्खी मावशी नव्हे. आमच्या बौद्ध वस्त्यांत कुणाची ना कुणाची सोयरीक निघतेच, तशी मावशी. भिवंडीजवळच्या एका गोदामात ती पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत नळावर हात धुवायला गेली आणि मागून कंटेनर रिव्हर्स आला. एका हमालाने पाहिलं. तो ओरडला, कंटेनरच्या पत्र्यावर मुठी आपटल्या, तेव्हा ड्रायव्हरने ब्रेक मारला. पाहणारा तेवढा एकच.

मावशी इस्पितळात पुरती शुद्धीवरही नव्हती, तेव्हा वकिलाचा माणूस खाटेशी येऊन बसला होता. भिवंडीत याचं कुणाला नवल नाही. अपघाताचा पेशंट आला की हे लोक नातेवाइकांच्या आधी पोचतात. "मावशी, कंटेनरचा विमा हाय. भरपाई काढून देतो. तुमी फक्त सही करा." तिने केली. अंगात ताप, डोळ्यांवर गुंगी, पायाच्या जागी बँडेजचा गोळा. कुणीही केली असती.

मला हे कळलं ते पहिल्या तारखेचा निरोप आला तेव्हा. तारीख ठाण्याला नव्हती. कसारा घाट चढून पलीकडच्या एका जिल्ह्याच्या कोर्टात होती. मी दोनदा वाचलं. अपघात भिवंडीत, बाई दिघाशीची, गोदामवाला भिवंडीचा, आणि दावा घाटावर?

मी वकिलाला फोन लावला. माणूस बोलायला गोड.

"ताई, तुमच्या बाजूचं कोर्ट हात आखडून देतं. आमच्याकडे मोकळ्या हाताने देतात. पाय तोच असतो हो, कोर्ट बदललं की त्याची किंमत बदलते."

सर्वांना समान न्याय, असं मी किती पत्रकांत लिहिलं असेल! आणि हा माणूस भाजीच्या बाजाराबद्दल बोलावं तसं बोलत होता. वाशीला भाव बरा, कल्याणला पडलाय.

मग तारखा सुरू झाल्या. दिघाशीहून अंबाडी नाक्यापर्यंत रिक्षा, तिथून भिवंडी, पुढे कल्याण, मग घाट चढणारी गाडी. कुबड्या घेऊन. एस.टी.ची पायरी चढताना मावशी आधी कुबड्या आत फेकायची, मग दांडा धरून स्वतःला ओढून घ्यायची. "बघतेस काय, बाय? माझ्या कुबड्यांना आधी सीट मिळते," असं म्हणून हसायची. तिथे पोचलं की विमा कंपनीचा वकील पुढची तारीख मागायचा. त्याचं काय जात होतं? तो त्याच गावचा.

सगळ्यात मोठा घोळ साक्षीदाराचा. मी हमालाला गोदामाच्या गेटवर गाठलं. त्याने डोक्यावरचा गमछा सोडून तोंड पुसलं.

"दीदी, मौसी के लिए जान हाजिर है. पर उधर जाने का मतलब पूरा दिन गया. एक दिन ड्यूटी नहीं आया तो ठेकेदार दूसरा आदमी रख लेगा. ठाणे कोर्ट में होता तो आधी शिफ्ट में आ जाता."

तो घाबरट नव्हता. कंटेनरवर मुठी मारणारा तोच होता. त्याला आणि मावशीला एकमेकांपासून तोडलं होतं ते फक्त अंतराने. जिथे भाव चांगला, तिथे साक्षीदार पोचत नव्हता. मग तो भाव चाटायचा होता का?

शेवटी मावशीच्या उलटतपासणीचा दिवस उजाडला. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाने तिला कोपऱ्यात घेतलं. मी शेजारीच उभी होते.

"मावशी, आत विचारतील, कुठे राहता. सांगायचं, इथेच राहते. भाचीकडे. आठ-दहा महिने झाले."

"कोन भाची?" मावशीने विचारलं.

"आहे हो कागदावर एक. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी मध्ये पडले. "ही इथे कधीच राहिलेली नाही!"

"ताई, पत्रक नाही हे." तो हसलासुद्धा. "दावा करणारा जिथे राहतो तिथे दावा टाकता येतो. म्हणून इथे राहायलाच लागतं. सगळे राहतात. आता हो म्हटलं नाही तर दावा परत जाईल. ठाण्याला नव्याने टाकावा लागेल, मुदत टळली म्हणून तिकडचे वकील भांडतील. पायाची भरपाई हवी का नको, ते मावशींना ठरवू द्या."

तिच्या घराला हात न लावता, तिला न विचारता, याने तिला घाटावर राहायला पाठवलं होतं. मावशीने सही केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं आणि ते तिला कुणी वाचूनही दाखवलं नव्हतं. आणि आता तोच तिला विचारत होता, खरं हवं की पाय? मी मावशीकडे पाहिलं. मी तिला काय सांगणार होते? खरं बोल आणि भरपाई बुडव? माझे दोन्ही पाय शाबूत होते.

मावशी म्हणाली, "चला आत."

तिला पिंजऱ्यात खुर्ची दिली. शिपायाने पाठ केलेलं वाक्य सांगितलं, "म्हणा, ईश्वरसाक्ष खरं सांगेन."

"ते न्हाय म्हनत आमी," मावशी म्हणाली.

शिपाई गोंधळला. न्यायाधीशांनी मान वर केली.

"आमच्यात ईश्वराची शपथ न्हाय. पंचशील हाय. खोटं बोलनार न्हाय, असं दर रविवारी विहारात सगळ्यांसंगं म्हनते मी. तशी प्रतिज्ञा चालंल का, साहेब?"

"चालेल," न्यायाधीश म्हणाले. "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते, म्हणा."

तिने प्रत्येक शब्द सावकाश म्हटला. आमचा वकील कागद चाळत होता. मला मात्र तेव्हाच कळलं की याचं गणित फिसकटणार. देवाच्या नावाने शपथ घेणारा पुढे देवाकडे माफी मागू शकतो. हिने मध्ये कुणाला ठेवलंच नव्हतं.

विमा कंपनीचा वकील उठला. पायाबद्दल नाही, कंटेनरबद्दल नाही. पहिलाच प्रश्न, "राहता कुठे?"

मावशीने आमच्या वकिलाकडे एकदा पाहिलं. त्याने मान हलवली. मग तिने न्यायाधीशांकडे पाहिलं.

"दिघाशी. तालुका भिवंडी."

"या शहरात राहत नाही?"

"या शहरात मी तारखेला येते आन् जाते. हितं कुनी मला पानीबी इचारलं न्हाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी सांगितलं की हा दावा इथे चालणार नाही, योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत करण्यात येईल. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. एवढ्या तारखा, एवढे घाट, आणि तिच्या पायाबद्दल त्या कोर्टात एकाही माणसाने एक शब्द विचारला नव्हता!

बाहेर येताच वकील तडकला. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात, मावशी!"

"एकच ऱ्हायलाय, वकीलसाहेब," ती म्हणाली. "त्याच्यावर तरी नेम धरू नका."

आणि कुबड्या टेकत चालू लागली. परतीच्या गाडीत, कसारा घाट उतरल्यावर तिने विचारलं, "ठाण्याला पुन्ना पयल्यापासनं?"

"हो, मावशी."

"मग पयल्यापासनं."

ठाण्याला दावा टाकला. वकील म्हणाला होता तसंच झालं. विमा कंपनीने मुदतीचा वाद काढला आणि तो अजून मिटलेला नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. मावशीला आजवर काहीही मिळालेलं नाही. कदाचित घाटावर खोटं बोलली असती तर मिळालंही असतं. लोक मला हेच ऐकवतात. माझा प्रश्न वेगळा आहे. खरं बोललं तर पाय बुडतो, अशी वेळ एका बाईवर आणली कुणी?

पण ठाण्याच्या एका तारखेला हमाल आला. आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे, अर्धी शिफ्ट टाकून, गमछा खांद्यावर. त्याने हिंदीत सांगितलं, कंटेनर कुठून आला, मौसी कुठे उभी होती, आपण पत्र्यावर कसं मारलं. मुठी आवळून दाखवल्या. त्या एवढ्या काळात पहिल्यांदा कुणीतरी कोर्टात तिच्या पायाबद्दल बोललं. संपताच तो जिना उतरून पळाला, दुपारच्या गाडीवर माल चढवायचा होता.

मावशीची पाळी आली. तिने तीच प्रतिज्ञा केली. न्यायाधीश नव्हे, कारकुनानेच नोंदीसाठी विचारलं, "पत्ता?"

"दिघाशी," मावशी म्हणाली. आणि कुणी विचारलं नसताना पुढे बोलली, "विहाराच्या मागं. दारात शेवग्याचं झाड हाय. कुनाला बी येऊन बघू द्या, मी घरीच असते."