स्टोअरचे काका सर्टिफाइड होतात

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी खरेदी विभागात नोकरीला होते. पंचतारांकित हे नावापुरतं. कॅन्टीनची आमटी खाल्ली की तारे भर दुपारी दिसायचे. आमचा कारखाना ट्रॅक्टरचे सुटे भाग करायचा. फौंड्रीतून ओतीव माल यायचा, आम्ही तो घासूनपुसून पुढं पाठवायचो, आणि पुढचे लोक तो वेळेवर मिळाला नाही म्हणून बोंबलायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बाकी सगळं ठीक चाललं होतं.

मग पुण्याहून नवे साहेब आले. टाय लावणारे आमच्या कारखान्यातले ते पहिलेच. आल्या आल्या त्यांनी मीटिंग घेतली आणि सांगितलं, की आपण जे करतो त्याला आता खरेदी आणि स्टोअर म्हणत नाहीत, सप्लाय चेन म्हणतात. त्याची एक परदेशी संस्थेची परीक्षा असते आणि ती पास झाल्याशिवाय या विभागातल्या माणसाला भविष्य नाही. "सर्टिफाइड व्हा," असं ते अशा आवाजात म्हणाले, की ते स्वतः जन्मतःच सर्टिफाइड असावेत असं आम्हाला वाटलं.

परीक्षेसाठी दोघांची निवड झाली. एक मी, आणि दुसरे स्टोअरचे काका. काका कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. मिशा जाड आणि आवाज त्याहून जाड. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. त्यांनी परीक्षेची तारीख पाहिली आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्या दिवशी पेठेच्या संघाची फुटबॉलची फायनल होती. परीक्षा आठवडाभर पुढं ढकला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते अमेरिकेतले लोक ठरवतात, आपल्या हातात नसतं, असं साहेबांनी समजावलं.

"मग त्यास्नी एक फोन लावा की," काका म्हणाले.

फोन काही लागला नाही. आमचा अभ्यास मात्र सुरू झाला, तोही कंपनीच्या बसमध्ये. मीही पेठेतच राहायची, त्यामुळे जाता-येता काका शेजारच्या सीटवर. मी पुस्तक वाचायची आणि काका पुस्तकाशी भांडायचे. सेफ्टी स्टॉक म्हणजे अडचणीसाठी राखून ठेवलेला जादा माल. हे त्यांना एकदम पटलं, कारण त्यांनी स्टोअरमध्ये वीस वर्षांची अडचण भागेल एवढे बोल्ट साठवले होते. पण जादा माल म्हणजे तोटा, असं पुढच्याच धड्यात निघालं तेव्हा ते लेखकाच्या खानदानावर घसरले. एका सरावप्रश्नात विचारलं होतं, पुरवठादार सतत उशीर करत असेल तर तुम्ही काय कराल? खाली चार पर्याय. काकांनी चारही दोनदा वाचायला लावले.

"फोन करून शिव्या घालायच्या, ह्यो पर्याय न्हाई व्हय?"

नाही म्हटल्यावर ते पुस्तकच खोटं आहे असं त्यांनी जाहीर केलं. पुढच्या सीटवरच्या लोकांनी माना डोलावल्या. हळूहळू आख्खी बस त्या परीक्षेला बसल्यासारखी झाली. मागणी दिल्यापासून माल हातात पडेपर्यंतच्या वेळेला वेल्डर लोकही 'लीड टाइम' म्हणायला लागले. डबा उघडायला उशीर झाला तरी लीड टाइम.

घरी वेगळीच तऱ्हा. माझे वडील निवृत्त शिक्षक, आमच्याकडंच राहायला. सकाळची बुद्धवंदना आटोपली की ते हातात पुस्तक घेऊन खुर्चीत बसायचे आणि मला उभं करून व्याख्या विचारायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पुस्तकातला शब्द चुकला की कळायचं. बत्तिसाव्या वर्षी मी नवऱ्यादेखत अंगठे धरायच्या बेतात आले होते. नवरा चहा पीत मजा बघायचा.

परीक्षेच्या दिवशी काका आणि मी पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघालो. साहेब आदल्या दिवशीच गेले होते. त्यांची कसलीशी मीटिंग होती. फायनलच्या दुःखात काका साताऱ्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. केंद्राच्या बाहेरच्या खोलीत गेलो तर समोर आमचे साहेब. घड्याळ आणि पाकीट काढून लॉकरमध्ये ठेवत होते. आम्हाला पाहून त्यांचा हात तिथंच थांबला. सहज आलोय, तुमची सोय नीट आहे का ते बघायला, असं ते म्हणाले. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं त्यांचं नाव पुकारून ओळखपत्र मागितलं आणि संगणक क्रमांक सांगितला.

काकांनी बाकावर सरकून जागा केली.

"या पावणं, बसा," ते म्हणाले.

साहेब बसले. मी भिंतीवरच्या सूचना पाठ केल्या.

निकाल तिथल्या तिथं पडद्यावर यायचा. मी नापास. थोडक्यात हुकले. बरोबर आलेली उत्तरं मी शेवटच्या अर्ध्या तासात विचार करकरून बदलली होती. साहेबही नापास. आणि काका पास.

त्यांनाच धक्का बसला होता. कसं काय जमलं, असं विचारलं तर म्हणाले, प्रत्येक प्रश्नाला आपण खरंच काय करू याचा विचार केला आणि तो पर्याय सोडून दुसरा दाबला.

परतीला साहेबांनी आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्यांनी टाय काढून खिशात घातला आणि सांगितलं, की नापास व्हायची ही त्यांची तिसरी वेळ. आधीच्या कंपनीत बढती याच कारणानं गेली आणि बायकोला अजून फक्त पहिल्या वेळचंच माहीत आहे. माझं स्वतःचंच तोंड उतरलेलं. काकांनी अजून एक प्लेट भजी मागवली आणि साहेबांना म्हणाले, "उद्यापास्नं स्टोअरात या. माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये काकांनी पेढे वाटले, माझं थोडक्यात हुकलं हे सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगितलं, आणि साहेबांविषयी चकार शब्द काढला नाही. मला त्यांची ही बाजू नवीन होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं बोल्टच्या ढिगाशेजारी बसू लागलो. काकांची शिकवण्याची रीत एकच: तुला मनापासून काय करावंसं वाटतंय? मग ते सोडून बोल. साहेबांनी एकदा दबक्या आवाजात शंका काढली, की ही पद्धत शास्त्रीय नाही. शास्त्रीय पद्धतीनं तुम्ही कितीदा बसला, असं काकांनी विचारल्यावर शंका मिटली.

पुढच्या खेपेला आम्ही दोघंही पास झालो. वडिलांनी माझं प्रमाणपत्र उजेडात धरून स्पेलिंग तपासलं आणि मगच पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

साहेबांना त्या प्रमाणपत्रावर पुण्यात चांगली नोकरी लागली आणि उन्हाळ्याच्या आत ते गेले. आम्ही शिकवायचं आणि माल पुण्यानं उचलायचा, म्हणून काका महिनाभर धुसफुसत होते. साहेबांच्या केबिनमध्ये मला बसवलं. पहिल्याच सोमवारी फौंड्रीची गाडी आली नाही आणि चार मशीन बंद पडल्या. मी सर्टिफाइड माणसाशी सल्लामसलत करावी म्हणून काकांना बोलावणं धाडलं. निरोप आला, काका जेवताहेत, थोडा लीड टाइम लागेल.