एकही गोळी चुकली नव्हती

गोसीखुर्दच्या धरणात जुनं गाव गेलं आणि चंद्रकांता नव्या वसाहतीत अंगणवाडी सेविका झाली. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन तिला तोंडपाठ असे. पण स्वतःची दामिनी चौदाव्या वर्षी वाळत चालली, ते मात्र तिला उशिरा कळलं. पोरगी बोलेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मनाचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या. पाच-सहा महिन्यांत दामिनी पुन्हा खिदळू लागली आणि चंद्रकांतानं आपल्याच मनानं औषध थांबवलं. "चांगल्या पोरीले कायले गोळ्या?" असं ती नवऱ्याला, कैलाशला म्हणाली होती.

सोळाव्या वर्षी आजार परतला. त्या खेपेला तिनं सारा दोष आपल्या पदरात घेतला. एका परीनं ते सोपं होतं. चूक सापडली होती, ती सुधारता येत होती. मग रोज जेवणानंतर समोर उभी राहून ती गोळी देऊ लागली. तपासणीची एक तारीख चुकवली नाही. दामिनी सावरली, पवनीच्या कॉलेजात जाऊ लागली, तिला मैत्रिणी मिळाल्या. सव्वा वर्ष घर हसतंखेळतं राहिलं.

यंदा दिवाळी झाली आणि एका सकाळी कैलाशनं धरणातल्या मासोळ्या आणल्या. त्या साफ करण्यात दामिनीचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. दुपारी चंद्रकांता अंगणवाडीतून आली, तर पोरगी विळीसमोर तशीच बसलेली. टोपल्यावर माश्या घोंगावत होत्या. पहिलीच मासोळी अजून तिच्या हातात होती.

चंद्रकांता आधी धावली गोळ्यांच्या पाकिटाकडे. सगळ्या वेळच्या वेळी संपलेल्या.

"रोज घेतली वं आई," दामिनी खाली मान घालून म्हणाली. "तुह्या समोरच तं घेतली. मंग काहून आलं थे परत?"

या वेळी स्वतःला दोष द्यायचीही सोय नव्हती. तिनं लेकीच्या मुठीतली मासोळी सोडवली, साबण लावून तिचे हात धुतले. कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"औषध चालू असूनही काही मुलांत हा आजार उलटतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्यांचा गुण सावकाश येत होता. दामिनी वेणी घालू देई, दोन घास खाई, एवढंच.

बारावीच्या पहिल्या पेपरला मैत्रिणी घरासमोरून गेल्या. एकीनं हाक मारली. दामिनी दाराआड सरकली.

"यातून मी उठली तं पुन्हा येईन का थे?" तिनं आईला विचारलं.

आजवर चंद्रकांता "नाई येत" म्हणत आली होती. आज तिच्यानं खोटं बोलवलं नाही.

"येईन बी, माय. मले नाई मालूम."

दामिनी कितीतरी दिवसांनी आपणहून आईच्या कुशीत शिरली आणि हमसून हमसून रडली. चंद्रकांतानं तिला गप्प केलं नाही, रडू दिलं.