आधार कार्डावरचा फोटो

आज सकाळी सावनेरकडे गेलो होतो. तिथल्या खाण कामगारांचे फोटो मी सहा वर्षांपासून काढतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. एका ओळखीच्या कामगाराच्या घरी डोकावलो, तर भिंतीवर त्याचाच फोटो, हार घातलेला. मागच्या महिन्यात तो गेला आणि मला पत्ताही नव्हता.

फोटो नीट पाहिला. आधार कार्डावरचाच मोठा करून फ्रेममध्ये लावला होता. इतका अंधुक, की मीसुद्धा अंदाजानेच ओळखला.

त्याची बायको म्हणाली, "घरात दुसरा फोटोच नव्हता गा भाऊ. तुम्ही तं एवढे काढले, आम्हाले एकही काहून नाही आणून दिला?"

त्याचे चाळीस तरी फोटो माझ्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत. एक तर दिल्लीला प्रदर्शनात लागला होता. लोक त्याच्यासमोर थांबून बघत होते. ज्याचा फोटो, त्याने मात्र तो कधीच पाहिला नाही.

निघताना तिने विचारलं, "हसतानाचा हाय का एखादा?"

आहे. शिफ्ट संपवून बाहेर आल्यावरचा, कोळशाने काळ्या झालेल्या तोंडाने हसणारा. नागपुरात परतल्या परतल्या तोच आधी प्रिंटला दिला. उद्या नेऊन देतोय.

आणि आता ठरवलंय. सहा वर्षांत ज्यांचे ज्यांचे फोटो काढले, त्या प्रत्येकाच्या हातात त्याचा फोटो ठेवीन. तोवर कॅमेरा बॅगेतच राहील.

तुमच्या फोनमध्ये कोणाकोणाचे फोटो आहेत, जे त्यांनी स्वतः अजून पाहिलेलेच नाहीत?