काष्ट्यावर हार्नेस

“साडीवर हार्नेस बसत नाही, सर. ह्यांना खालीच बसवा,” राकेश म्हणाला.

राकेश लोणावळ्याचा, आमचा इन्स्ट्रक्टर. मी टूर मॅनेजर. ‘ह्या’ म्हणजे सुमनकाकू, पासष्टीच्या पुढच्या. सकाळी लेणी बघून ग्रुप आंदर मावळातल्या एका वाडीत आला होता. मागच्या कड्यावर रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरायचा, आणि मग वाडीतच जेवण. अंगणात एकेकाला पट्टे चढवणं चाललं होतं.

हार्नेस म्हणजे कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळायचे पट्टे. अंगाचा सगळा भार त्यांच्यावर. सहावारीत मांड्यांचे पट्टे बसवायचे कुठून? ‘पँट किंवा सलवार घाला’ हा मेसेज काकूंच्या जाऊबाईंना गेला होता. त्यांनी तो पुढे सांगितलाच नाही.

“तिला कुठे उतरायचंय? पर्सा कोण सांभाळणार?” जाऊबाई म्हणाल्या.

काकू माझ्याकडे वळल्या. “माथेरानला घोड्यांपाशी पर्सा धरून बसले. कोकणात बोटीच्या धक्क्यावर बसले. आज मला उतरायचंय हो.”

मला फार वाईट वाटलं. जादा ड्रेस कुणाकडेच नव्हता. ऑफिसला फोन लावला. बॉस म्हणाल्या, “रिस्क नको. जेवण वेळेवर दे आणि विषय संपव.”

संपलाही असता. पण स्वयंपाक करणाऱ्या हौसामावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

“आवं, मी लुगडं नेसवते की त्यास्नी. काष्टा घातल्यावर काय अडतंय? आमी आशाच झाडावर चढतो.”

नऊवारीचा काष्टा पायांतून मागे नेऊन खोचतात, त्यामुळे दोन्ही पाय सुटे राहतात. मी राकेशकडे बघितलं. “चालेल का रे?”

“कधी केलं नाही, सर. करून बघू.”

खरं सांगायचं तर आता काकूंपेक्षा आम्हा दोघांनाच जास्त उत्सुकता लागली होती. एवढी वर्षं ह्या धंद्यात काढली, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मावशींनी आपलं धुतलेलं लुगडं काढलं. काकू नेसून बाहेर आल्या. “काय हे ध्यान,” जाऊबाई पुटपुटल्या. मांड्यांचे पट्टे झकास बसले. पण मागे खोचलेला काष्टा कमरेच्या पट्ट्याखाली फुगत होता, पट्टा घट्ट होईना. मावशींनी तो सोडून चापून बसवला, पदर कमरेभोवती आवळला. दोराच्या कडीत सुटा पदर अडकला तर माणूस अधांतरी राहतो. मग राकेशने काकूंना अंगणातल्या आंब्याच्या फांदीला, जमिनीपासून वीतभर वर, लटकवून ठेवलं. हिसके दिले. पट्टा जागचा हलला नाही.

बॉसना पुन्हा फोन.

“राकेश हो म्हणतोय?”

“हो.”

“मग उतरव. आणि मला फोटो पाठव.”

काकूंची पाळी शेवटची. वर राकेश, दुसरा सेफ्टीचा दोर त्याच्या हातात. पाय कड्याला टेकत त्या छान उतरत होत्या, आणि निम्म्यावर थांबल्या. खाली तांदळाच्या भाकरी आणि खेकड्याचा रस्सा पानात पडला होता, लोकांची चुळबूळ चालली होती.

“काकू, अडकलात का? भीती वाटतेय?” मी ओरडलो.

“नाही हो. बघतेय. इथून केवढं दिसतंय. धरणाचं पाणी, भाताची खाचरं. ती पांढरी रेघ कसली, रस्ता का ओढा?”

“ओढा,” वरून राकेश.

“अगं सुमन, रस्सा गार होतोय,” जाऊबाईंनी हाक मारली.

“तुम्ही जेवून घ्या,” वरून शांत उत्तर आलं. “मला गार खायची सवय आहे.”

जाऊबाईंनी उचललेला घास पानात ठेवला. काकू सावकाश, मन भरल्यावर उतरल्या. मावशींनी रस्सा पुन्हा चुलीवर चढवला.

पूर्वी रॅपलिंगला मी माणशी फक्त उतरायचा वेळ धरायचो. आता बघायचाही धरतो. जेवण तासभर उशिरा सांगतो.