दिराची हलकी सॅक

माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे. एका परदेशी बंदरातून त्याने मला एक सॅक आणली. गडद हिरवी, जाड कापडाची, आत ॲल्युमिनियमची चौकट. तिकडचे शिकारी चार-चार दिवस जंगलात राहतात आणि मारलेल्या जनावराचं मांस पाठीवर लादून परत येतात, त्यांच्यासाठी बनवलेली. उरणला माहेरच्या घरात त्याने ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "बाय, ही घे. आखा जनावर येतो यात. फाटनार नाय."

रिकामी सॅकच तीन किलोच्या आसपास होती. मला ती पाहताक्षणी आवडली. मी तळोज्याला एका कारखान्यात कामाला आहे. कंटेनरमधला माल बांधायचे पट्टे तिथे बनतात आणि ते तुटेपर्यंत ताणून बघायचं काम माझ्या विभागाकडे आहे. त्यामुळे एखादी वस्तू हातात घेतली की ती कुठून जाईल, हे मी आधी बघते. ही सॅक कुठून जाईल ते मला सापडेना.

माझ्या दिराला ती आवडली नाही. तो ट्रेकिंगचा एक चॅनल चालवतो आणि त्याचा सगळा जोर हलक्या सामानावर. टूथब्रशचा दांडासुद्धा कापून अर्धा करतो. एका हिवाळ्यात त्याने आम्हा नवरा-बायकोला आणि त्याच्या चार-पाच मित्रांना एका घाटवाटेवर नेलं. पहाटे नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटसमोर त्याने माझी सॅक वजनकाट्याला लटकवली, सगळ्यांना आकडा दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, हरीण आणायला चाललोय का आपण?" लोक हसले. मीही हसले. मग ती सॅक त्याने आमच्या फ्लॅटवर परत पाठवली आणि स्वतःजवळची एक जास्तीची सॅक मला दिली. कागदासारखं पातळ कापड, वजन जेमतेम पाऊण किलो.

खरं सांगायचं तर पहिला तासभर मला ती फार बरी वाटली. खांद्यावर काही आहे असं जाणवतच नव्हतं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सॅकमध्ये वाचलेलं वजन गुडघ्यांना कळतं, हे मी त्या दिवशी मान्य केलं असतं.

पण नाश्त्याला थांबलो तेव्हा त्याने गॅसचा सिलिंडर, मोठं पातेलं आणि सगळ्यांचे तांदूळ माझ्या सॅकमध्ये भरले. "आता जागा आहे ना तुमच्याकडे," म्हणाला. मी सॅक परत पाठीवर घेतली. दुपारी उतरताना एका कातळाच्या पायरीवर मी पुढे वाकले आणि डावा खांदापट्टा मुळापासून सुटला. सगळं ओझं एका बाजूला झुललं आणि मला घेऊन गेलं. फार खोल नाही पडले, दोन माणसांइतकी उंची असेल. पण डावं मनगट मोडलं.

मनगट मोडतं, जुळतं. त्याचं मला एवढं नव्हतं. मी प्लास्टर घालून घरी बसले होते तेव्हा त्याने त्या ट्रेकचा व्हिडिओ टाकला. आधी माझी हिरवी सॅक काट्याला लटकलेली, मग लगेच मी कातळाखाली बसलेली, हाताला ओढणी बांधलेली. सॅक बदलली हे कुठे नाही, गॅस आणि पातेलं कुठे नाही. वर त्याचा आवाज: "आमच्या वहिनींच्या माहेरी डोक्यावरून पाट्या वाहायची पद्धत. सवय जात नाही. तुम्ही मात्र असं करू नका." आणि पुढे हसणाऱ्या तोंडाचं चित्र.

माझी आई मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायची. डोक्यावरून, आगरातून बांधापर्यंत, उन्हात. तिच्या पाट्यांवर मी शिकले. माझ्या चुलतभावाने तिला तो व्हिडिओ फोनवर दाखवला. कौतुकानेच दाखवला, ताई मोबाइलमध्ये आली म्हणून. तिने मला फोन केला. हात कसा आहे विचारलं, जेवलीस का विचारलं, आणि मग म्हणाली, "तो कोनाला हसला गो? तुला का मना?"

मी म्हटलं, "मला." ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. तिला ते पटलेलं नव्हतं.

दिराला मी व्हिडिओ काढायला सांगितलं. "अहो वहिनी, फनी आहे ते. किती व्ह्यूज आलेत बघा," तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या घरात काय मनावर घ्यायचं." नवरा म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी," आणि बोलला नाही. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. मला ओरडायचं नव्हतं. त्याची माफी मला चारचौघांत हवी होती, जिथे त्याने हसवलं तिथेच. ती कशी मिळेल ते माहीत नव्हतं, पण मी मिळवणार, हे माहीत होतं. ऑफिसात मशीनवर पट्टा ताणला जात असताना मी त्याचा विचार करायचे. मला त्याने बरं वाटायचं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षी तो आपणहून माझ्याकडे आला. त्याने स्वतःच्या सॅक बनवायला घेतल्या होत्या. नमुना घेऊन तो रविवारी घरी आला, सोफ्यावर ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, घरचीच लॅब आहे आपली. एक टेस्टचा कागद मिळाला तर बरं होईल."

"कंपनीच्या मशीनवर बाहेरचा माल लावत नाहीत, भाऊजी," मी म्हटलं. ते खरंच होतं. "पण द्या, बघते."

मी सॅक मांडीवर घेतली. पाठीचं कापड फार सुंदर होतं, हलकं आणि तरी चिवट. पण खांदापट्टा जिथे पाठीला जोडला होता तिथे शिवणाऱ्याने मजबुतीसाठी टाक्यावर टाका मारला होता. पातळ कापडात सुईची इतकी भोकं जवळजवळ पडली की ते वहीच्या फाडायच्या पानासारखं होतं. दोरा तुटत नाही, कापडच त्या रेषेवर फाटत जातं. आतून जाड कापडाचा तळहाताएवढा तुकडा लावला की काम झालं. वजन दोन रुमालांइतकंही वाढत नाही.

मी हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "थँक्यू वहिनी" म्हणून त्याने ते दुरुस्त केलं असतं, आणि माझ्या आईवरचं ते हसणं तसंच राहिलं असतं. सॅक विकायला जायच्या आधी मी बोलणार होते, ते मी माझ्याशी ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाची पोर त्या पट्ट्याने पडायला नको. पण आधी ती त्याच्या पाठीवर बसायला हवी होती.

"दिसायला छान आहे," मी म्हटलं. "पण मशीनपेक्षा चालून बघा. पूर्ण सामान घालून. त्याच वाटेने जाऊ, मीही येते."

त्याला ते फार आवडलं. व्हिडिओचा विषय मिळाला त्याला. वहिनींची दैत्यसॅक विरुद्ध माझी पिसासारखी सॅक, असलं काहीतरी तो बोलायला लागला. मी चहा ठेवायला आत गेले.

आम्ही तिघं गेलो. तो, माझा नवरा आणि मी. या वेळी मी माझी हिरवी सॅक घेतली आणि तिला कुणाला हात लावू दिला नाही. ती जड होती. पहिल्या चढावर माझा श्वास फुलला आणि दीर पुढे जाऊन कॅमेरा लावून माझी वाट बघत उभा राहायचा. "कशी आहे तब्येत, वहिनी?" मी म्हणायचे, "मस्त." मनगट दुखत होतं. मी त्याच्या डाव्या पट्ट्याकडे बघत चालत होते. चढ संपेपर्यंत त्या रेषेवर कापड पांढुरकं पडायला लागलं होतं.

मध्ये एक आडवा कातळ आहे, एका बाजूला सरळ दरी. तिथे मी दोघांना थांबवलं. "सॅक उतरवा. दोराने ओढून घेऊ." दीर म्हणाला, "कशाला? एवढीशी वाट आहे." मी म्हटलं, "मी याच वाटेवर पडले आहे. माझं ऐका." नवऱ्याने भावाच्या पाठीवरची सॅक काढूनच घेतली. मला माझ्या दिराचा जीव नको होता. मला जे हवं होतं त्यासाठी तो धडधाकट असणं गरजेचं होतं.

कातळ पार झाला. पलीकडे कारवीचं रान सुरू होतं. त्याने सॅक उचलली, एका पट्ट्याला धरून झोकात खांद्यावर टाकली, आणि फर्र असा लांब आवाज आला. पट्टा त्याच्या हातात राहिला आणि सॅक उतारावरून कारवीत घुसली. कॅमेऱ्याच्या लेन्स आत होत्या. तंबू, पाणी, सगळंच आत होतं. नवऱ्याने खाली उतरून ती ओढून आणली. पाठीच्या कापडाला हातभर चीर पडली होती.

दिराने ती छातीशी धरून चालून बघितलं. पुढची वाट दोन्ही हात लावल्याशिवाय उतरता येत नाही. वीस पावलांत तो खाली बसला.

"सुई-दोरा आहे तुझ्याकडे," नवरा मला म्हणाला. त्याला माहीत होतं. मेण लावलेला जाड दोरा, मोठी सुई, जाड कापडाचा तुकडा. हे सगळं माझ्या सॅकच्या वरच्या खणात असतं. वजनात त्याचीही गणती होते, दीर नेहमी म्हणायचा.

"आहे," मी म्हटलं. "देते शिवून. आधी भाऊजी, फोन काढा."

"कशाला?"

"मागच्या वेळी माझा पट्टा तुटला. सॅक तुमची होती. गॅस, पातेलं, तांदूळ तुम्ही भरले. हे कॅमेऱ्यात बोला."

तो हसायला लागला, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "वहिनी, ही वेळ आहे का?"

"माझ्यासाठी हीच आहे."

नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना आता. आधी शिव." मी त्याच्याकडेही बघितलं. तो एका दगडावर जाऊन बसला आणि पाणी पीत राहिला. ऊन चढलं होतं. मला घाई नव्हती. माझी सॅक शाबूत होती, माझ्याकडे चपात्या होत्या. मी एक काढून खाल्ली.

शेवटी त्याने फोन काढला. पहिल्यांदा म्हणाला, मागच्या व्हिडिओत थोडी मिसअंडरस्टँडिंग झाली होती. मी म्हटलं, "मिसअंडरस्टँडिंग नाही. परत." दुसऱ्यांदा त्याने पट्ट्याचं सांगितलं, सामानाचं गिळलं. मी म्हटलं, "परत." तिसऱ्यांदा त्याने नीट सांगितलं. "सॅक माझी होती, ओझं मी भरलं होतं, शिवण गेली, वहिनींची चूक नव्हती."

"आणि पाट्या?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "वहिनी, ते मी असंच..."

"माझ्या आईने बघितलं ते, भाऊजी."

 मग त्याने फोन परत वर धरला आणि म्हणाला, "वहिनींच्या आईंनी मिठागरात पाट्या वाहिल्या. त्यावर मी हसलो. ते हसण्यासारखं नव्हतं. मी त्यांची माफी मागतो." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. थंड पाणी प्याल्यावर वाटतं तसं वाटलं.

मग मी शिवायला घेतलं. आतून जाड कापड लावलं, टाके लांब-लांब घातले. शिवताना त्याला दाखवलं सुद्धा, भोकं जवळ पडली की काय होतं ते. तो ऐकत होता. "तुम्हाला हे आधीच माहीत होतं," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

खाली गाडीपाशी रेंज आली. तो फोन घेऊन नुसता बसला. "एडिट करून उद्या टाकतो," म्हणाला. मी म्हटलं, "जसं आहे तसं. आत्ता." त्याने टाकलं. मी माझ्या फोनवर पूर्ण बघितलं, आणि मगच गाडीचं दार लावलं.

सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी तुटक वागल्या. घरातल्या माणसाला जगासमोर नाक घासायला लावलं, असं त्यांनी माझ्या मोठ्या जावेला सांगितलं आणि तिने ते मला सांगितलं. माझं मनगट जगासमोर दाखवलं तेव्हा त्या काही म्हणाल्या नव्हत्या. आईला मी स्वतः उरणला जाऊन व्हिडिओ दाखवला. तिने तो शेवटपर्यंत बघितला, फोन मला परत दिला आणि म्हणाली, "सुकला गो पोराचा तोंड." मग भाकरी थापायला बसली. ती अजून काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले होते. ती म्हणाली, "जेवून जा."

दिराचं काही बुडालं नाही. उलट लोकांना तो कबुलीचा व्हिडिओ भारी आवडला. किती खरा माणूस, असं लिहिलं लोकांनी. त्याने सॅकच्या खांद्याला आणि बुडाला जाड कापड लावलं, बाकी सगळी पातळच ठेवली, आणि ती चांगली सॅक आहे. ऑफिसात कुणी विचारलं तर मी घ्या म्हणूनच सांगते. जिथे घासतं, जिथे ताण येतो, तिथे वजन सोसावं. बाकी उगाच कशाला वाहायचं. मला स्वतःलाही हल्ली हिरवी सॅक झेपत नाही, डावा हात लवकर थकतो. तरी त्याची मी घेतली नाही. दोनदा पाठवली त्याने, दोनदा परत केली.

मागच्या महिन्यात नेरूळला एका हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता. सगळं घर गेलं होतं. त्याने स्टेजवरून माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "ह्या माझ्या वहिनी. हे सगळं मला ह्यांनीच शिकवलं." लोक टाळ्या वाजवायला लागले आणि कुणीतरी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "शिकवलं नाही. भाऊजी अडकले होते, मी कबूल करायला लावलं."

लोकांना तो विनोद वाटला. ते मोठ्याने हसले, आणि दीरही त्यांच्यात हसला. मी माईक परत दिला आणि खाली बसले.