कर्दळीचा वाफा

आमचा दादा गवंडी, पण गल्लीत सगळे त्याला 'डबकेमास्तर' म्हणायचे. बावीस घरांचं मोरीचं आणि स्वयंपाकघरांचं सांडपाणी पूर्वी खिडक्यांखालच्या उघड्या गटारातून वाहायचं. दादाने ते एका टाकीत वळवलं. टाकीत गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी खडीच्या वाफ्यात जायचं. त्या खडीत त्याने कर्दळ आणि पाणकणीस लावलं. मुळांना आणि खडीला चिकटून डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात आणि घाण खातात, हे तो जेवतानाही सांगायचा. "दादा, निदान घास तरी गिळू दे!" मी ओरडायचे. चार वर्षं त्याने या वाफ्यापायी घराकडे ढुंकून पाहिलं नाही, याचा मला राग होताच. पण वाफ्यातून ओढ्यात पडणारं पाणी नितळ असायचं, हेही खरं.

मग नगरपालिकेची नोटीस आली. दहा दिवसांनी तपासणी, आणि पाणी नापास झालं तर वाफा बुजवून गटार पुन्हा उघडं. दादा घरोघर फिरला आणि हात जोडून एवढंच म्हणाला, "साहेब येणार आहेत. जरा स्वच्छता ठेवा."

सहाव्या दिवशी पाण्याला कुजका वास सुटला, कर्दळीची पानं पिवळी पडली. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. वाफा तुंबला असेल म्हणून त्याने दोन दिवस खडी हाताने उपसली, धुतली, परत भरली. वास वाढतच गेला. तो माझ्यावर खेकसला आणि मग तिथेच बसून रडला. मोठा भाऊ रडताना मी कधी पाहिला नव्हता. मला फार भीती वाटली.

नवव्या दिवशी त्याने टाकीचं झाकण उचललं आणि फिनेलचा भपकारा आला. मी धावत शेजारच्या वहिनींकडे गेले. मोरीत रिकाम्या बाटल्यांची रांग होती.

"अगं, सगळ्यांनी ठरवलंय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "प्रत्येक घराने रोज एक बाटली ओतायची. मास्तरांची मान खाली जायला नको."

घाण खाणारे जीव केव्हाच मेले होते. ते पुन्हा वाढायला दोन महिने लागणार होते. दादा मुदत मागायला ऑफिसात गेला, पण कारण सांगायचं तर गल्लीचं नाव घ्यावं लागलं असतं; खिडकीपाशी तासभर उभा राहून तो न मागताच परत आला.

दहाव्या दिवशी साहेबांनी पेल्यात पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि कागदावर शेरा मारला. दुपारीच मातीची गाडी आली. सगळी गल्ली गोळा झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी तोंड उघडणार तोच दादाने माझा हात घट्ट दाबला.

वहिनी पुढे आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मास्तर, आमचं काही कमी पडलं का हो?"

"नाही हो वहिनी," दादा म्हणाला. "माझंच बांधकाम चुकलं."